फोटो तोच, फाईल दसपट : अहवालात फोटो घेताना नक्की काय होतं?



उपक्रमाचा अहवाल म्हटला की आपल्याकडे दोन पानं मजकूर आणि दहा-बारा फोटो हे ठरलेलं. वृक्षारोपण, बालआनंद मेळावा, शिक्षण परिषद, माता पालक सभा, काहीही असो. मजकूर अर्ध्या तासात होतो. मग फोटो टाकायचे, फाईल मेल करायची, आणि तिथे गाडी अडते. फाईल ४० एमबीची झालेली असते. मेल जात नाही, व्हॉट्सॲपवर समोरच्याला डाउनलोड होत नाही, पोर्टल तर घेतच नाही. शेवटी निरोप येतो, "मॅडम, फाईल लहान करून पाठवा." आता लहान म्हणजे नक्की काय लहान करायचं? बरेच जण वर्डमध्ये फोटोचा कोपरा धरून आत ओढतात. फोटो पानावर लहान दिसतो, पण फाईल तेवढीच राहते.

आजच्या लेखात हे असं का होतं ते समजून घेऊ. नुसत्या "इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा" अशा सूचना दिल्या तर वर्डची आवृत्ती बदलली की सगळं विसरायला होतं. कारण कळलं तर कुठल्याही कॉम्प्युटरवर वाट सापडते. आणि या विषयात फाईलच्या वजनापेक्षा मोठी एक गोष्ट दडलेली आहे, आपल्या मुलांच्या फोटोंची. तिच्याकडे पुढे येतेच.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

मुलांना मी असंच सांगते. रांगोळीत जसे ओळीने ठिपके काढतो, तसे फोटोत आडवे-उभे ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. फरक इतकाच की इथे रेघा काढायच्या नाहीत, प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा. एका ठिपक्याचा रंग सांगायला साधारण ३ बाइट लागतात : लाल किती, हिरवा किती, निळा किती.

आपल्या मोबाइलमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो बहुधा ४००० आडवे आणि ३००० उभे ठिपके असा असतो. गुणाकार करा. १ कोटी २० लाख ठिपके, गुणिले ३, म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट. सुमारे ३४ एमबी. पण मोबाइलमध्ये तर तो फोटो ३-४ एमबीचाच दिसतो! मग बाकीचं गेलं कुठे?

तर कॅमेऱ्याने तो फोटो आवळून बांधलेला असतो. या बांधणीचं नाव जेपीईजी, आपण ज्याला जेपीजी म्हणतो ते. हे मानक १९९२ चं आहे. यात चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे रंगांचे बारीक फरक टाकून देतात. टाकलेलं परत येत नाही, पण फोटो बघणाऱ्याला काही कमी वाटत नाही.

दुसरी बांधणी पीएनजी. ही १९९६ पासूनची. ती काहीच टाकत नाही. चौकटीच्या वहीत समजा एका ओळीत १५ घरं पांढरी आहेत, तर "पांढरा, पांढरा, पांढरा" असं पंधरा वेळा लिहिण्याऐवजी "१५ वेळा पांढरा" लिहिलं की झालं. पीएनजीची रीत याहून बरीच हुशार आहे, पण मूळ कल्पना हीच, की पुन्हा पुन्हा येणारं थोडक्यात सांगायचं. त्यामुळे आलेख, तक्ता, शाळेचा लोगो, स्क्रीनशॉट अशा सपाट रंगाच्या चित्रांना पीएनजी उत्तम. अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. पण मैदानात बसलेल्या १०० मुलांचा फोटो घ्या. तिथे शेजारचे दोन ठिपकेसुद्धा सारखे नसतात. थोडक्यात सांगण्यासारखं काही सापडतच नाही, म्हणून अशा फोटोची पीएनजी फाईल जेपीजीच्या कित्येक पट होते.

हे वर्गात करून बघण्यासारखं आहे. पेंटमध्ये १०० बाय १०० पिक्सेलचं कोरं पांढरं चित्र घ्या आणि २४ बिट बिटमॅप म्हणून सेव्ह करा. बिटमॅप म्हणजे न बांधलेलं, सुटं चित्र. गणित : १०० × १०० × ३ = ३०,०००. फाईलची प्रॉपर्टी उघडली की ३०,०५४ बाइट दिसतील. वरचे ५४ बाइट म्हणजे फाईलचं डोकं, ज्यात चित्र किती रुंद, किती उंच वगैरे नोंद असते. आता त्याच मापाच्या चित्रात मुलांना हवं तसं रंगीबेरंगी गिरगटू द्या आणि पुन्हा बिटमॅप करा. पुन्हा ३०,०५४! मुलं चकित होतात. मग दोन्ही चित्रं पीएनजी करा. कोरं चित्र अगदी चिमुकलं होतं, गिरगटलेलं त्यामानाने मोठं. सहावी-सातवीच्या मुलांना क्षेत्रफळाचा गुणाकार इतका खरा वाटलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

कॉपी-पेस्ट केलं की गाठोडं सुटतं

आता मूळ मुद्दा. पेंटमध्ये फोटो उघडला, सिलेक्ट केला, कंट्रोल सी दाबलं. कॉम्प्युटर कॉपी काय करतो? फाईल नाही. स्क्रीनवर दिसणारं चित्र तो क्लिपबोर्डवर ठेवतो, म्हणजे सुटे ठिपके. बांधलेलं गाठोडं तिथे सुटलं. मग वर्डमध्ये कंट्रोल व्ही दाबलं की वर्डपुढे प्रश्न, हे ठिपके ठेवायचे कसे? ते मुळात जेपीजी होते हे त्याला ठाऊकच नाही. आपण होऊन काही टाकून द्यायला नको म्हणून तो सहसा पीएनजी करून ठेवतो. आणि फोटोची पीएनजी म्हणजे काय ते आपण वर पाहिलंच.

व्हॉट्सॲप वेबवरून फोटो कॉपी करून थेट अहवालात चिकटवायची सवय आपल्यापैकी खूप जणांना आहे. पटकन होतं, मान्य. पण हिशोब बघा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आधीच लहान झालेला असतो, साधारण १६०० बाय १२०० ठिपके आणि दोनशे-तीनशे केबी. कॉपी केला की तो सुटून साडेपाच एमबीचा होतो. वर्डने पीएनजी करून बांधला तरी दोन-तीन एमबी सहज. म्हणजे फोटो तोच, फाईल दहापट. १२ फोटो असतील तर ३ एमबीत बसणारा अहवाल ३० एमबीवर जातो, आणि जीमेलला जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे. फोटो मात्र तसूभरही जास्त स्पष्ट दिसत नाही. हे वजन फुकटचं आहे.

म्हणून फोटो आधी फाईल म्हणून डाउनलोड करा, आणि मग वर्डमध्ये इन्सर्ट टॅबवर पिक्चर्स, त्यातून धिस डिव्हाइस असं जाऊन घ्या. या वाटेने आणलं की वर्ड जेपीजी फाईल जेपीजी म्हणूनच ठेवतो, गाठोडं सुटत नाही. पॉवरपॉइंटलाही हेच लागू. खात्री करायची असेल तर दोन कोऱ्या फाईल घ्या. एकीत तोच फोटो इन्सर्टने, दुसरीत पेंटमधून कॉपी-पेस्टने, आणि दोन्ही सेव्ह करून वजन बघा. आकडे प्रत्येकाच्या सेटिंगप्रमाणे वेगळे येतील, पण कोणती फाईल जड हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पेस्ट करणं टाळता येत नसेल तर पेस्ट स्पेशलची यादी एकदा उघडून बघा. काही वेळा तिथे जेपीजीचा पर्याय असतो, काही वेळा नसतो. कुठून कॉपी केलं त्यावर ते ठरतं.

आता कोपरा ओढण्याचं. वर्डमध्ये फोटोचा कोपरा ओढून तुम्ही फक्त "कागदावर किती जागेत दाखवायचं" हे बदलता. ठिपके आत तेवढेच. ४००० ठिपके १६ सेंटिमीटरमध्ये दाखवा नाहीतर ४ सेंटिमीटरमध्ये, ४००० ते ४०००. मोठी सतरंजी घडी घालून कपाटात ठेवली म्हणून तिचं वजन कमी होत नाही, तसंच.

मग किती ठिपके पुरेत? वर्डमध्ये छपाईसाठी म्हणून जो पर्याय आहे तो इंचाला २२० ठिपक्यांचा. आपल्या ए-फोर पानावर समास सोडून साधारण १६ सेंटिमीटर रुंदी मिळते, म्हणजे सव्वासहा इंच. २२० ने गुणा, १४०० च्या आसपास आलं. एका ओळीत दोन फोटो लावणार असाल तर ७०० पुरेत. कॅमेऱ्याचे ४००० ठिपके अहवालाला कधीच लागत नाहीत. फ्लेक्स छापायचा असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायचे आणि लहान केलेली प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करायची. जेपीजी उघडून बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडं थोडं गळतं, हेही त्यामागचं कारण.

लहान करायला पेंटमधलं रिसाइझ पुरतं. टक्के नको, पिक्सेल निवडा, आडव्या घरात १४०० लिहा, उभं माप आपोआप प्रमाणात येतं. बाजू निम्मी केली की ठिपके पाव होतात, हे मुलांना आधी अंदाज करायला सांगा, बहुतेक जण "निम्मे" म्हणतात. फोटो पंचवीस-तीस असतील तर एकेक करण्यात संध्याकाळ जाईल. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत संचात इमेज रिसायझर आहे, फोल्डरमधले सगळे फोटो निवडून राइट क्लिकने एकदम लहान होतात.

आणि अहवाल आधीच तयार झालाय, फोटो चिकटवून झालेत, तर? कुठल्याही एका फोटोवर क्लिक केलं की वर पिक्चर फॉरमॅट टॅब येतो. त्यात कंप्रेस पिक्चर्स. पहिली टिक "फक्त याच चित्राला लावा" अशा अर्थाची असते, ती काढा, म्हणजे सगळ्या फोटोंना लागू होईल. खाली २२०, १५०, ९६ असे पर्याय आहेत. छापायचं असेल तर २२०, फक्त स्क्रीनवर वाचायचं असेल तर १५०. ९६ ला फोटो फारच पुसट होतात असं माझं मत. फोटो पानावर जेवढा लहान दिसतोय त्या हिशोबाने इथे ठिपके कमी होतात, म्हणून आधी फोटोंची मापं पक्की करा आणि मग हे करा. वर्ड सेव्ह करताना स्वतःही थोडं दाबतो, पण ते ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्डमध्ये इमेज साइज अँड क्वालिटीखाली काय निवडलंय त्यावर आहे. तिथे हाय फिडेलिटी असेल तर तो जवळजवळ हात लावत नाही. शाळेत लिब्रेऑफिस असेल तर फोटोवर राइट क्लिक करून कंप्रेस मिळतं.

कापलेलं जात नाही

आता तो राखून ठेवलेला मुद्दा. कंप्रेस पिक्चर्सच्या त्याच खिडकीत आणखी एक टिक असते, डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स. वजनासाठी ती कामाची आहेच, पण त्याहून महत्त्वाची आहे मुलांसाठी.

समजा एका पालकाने सांगितलंय, माझ्या मुलीचा फोटो कुठेही जायला नको. कारण काहीही असेल, घरचा वाद असेल, कोर्टात काही चालू असेल, किंवा नुसतं नको असेल. तो त्यांचा हक्क आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. तुम्ही गटफोटो अहवालात घेतला, ती मुलगी कडेला उभी होती, म्हणून वर्डमध्ये क्रॉप करून तेवढा भाग काढला. पानावर ती दिसत नाही. अहवाल ग्रुपवर गेला, तिथून आणखी चार ग्रुपवर.

पण वर्डने ती कापलेलीच नाही! त्याने फक्त त्या भागावर पडदा टाकलाय. पूर्ण फोटो फाईलच्या पोटात तसाच आहे. ज्याच्याकडे ती वर्ड फाईल गेली त्याने फोटोवर क्लिक करून क्रॉप दाबलं की कडेची मुलगी पुन्हा हजर. त्याला त्यासाठी काही तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. चुकून माउस लागला तरी पुरे.

हे डोळ्यांनी बघा, म्हणजे पटेल. अहवालाच्या फाईलची एक प्रत करा. तिच्या नावाच्या शेवटी डॉट डॉक्स असतं, ते बदलून डॉट झिप करा. हो म्हणा. आता उघडा. नवीन वर्डची फाईल ही मुळात झिपच असते. आत वर्ड नावाचा फोल्डर, त्यात मीडिया. तिथे तुमचे सगळे फोटो ओळीने बसलेले दिसतील. कोणता पीएनजी होऊन फुगलाय, कोणता जेपीजी राहिलाय, कोणाचं वजन किती, सगळा पंचनामा. आणि वर्डमध्ये क्रॉप केलेला फोटो तिथे अख्खा दिसेल. (याचा एक चांगला उपयोगही आहे. जुन्या अहवालातला फोटो हवा असेल आणि मूळ फोटो हरवले असतील, तर ते इथून काढता येतात.)

म्हणून ज्या फोटोतून कोणाला वगळायचंय तो वर्डमध्ये कापूच नका. आधी पेंटमध्ये कापा, नव्या नावाने सेव्ह करा, मग ती फाईल इन्सर्ट करा. पेंटमध्ये कापलेले ठिपके नव्या फाईलमध्ये राहत नाहीत. चेहऱ्यावर वर्डमधला काळा चौकोन ठेवणं हाही इलाज नाही, तो चौकोन बोटाने उचलून बाजूला ठेवता येतो. बाकी सगळ्या अहवालांसाठी डिलीट क्रॉप्डची टिक लावून ओके करायची आणि फाईल सेव्ह करायची सवय ठेवा. कापलेलं खरंच गेलं की नाही याकडे जगभरातल्या हुशार लोकांचंही दुर्लक्ष होतं. मार्च २०२३ मध्ये विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये असाच दोष उघड झाला होता. जुन्याच फाईलवर पुन्हा सेव्ह केलं तर कापलेल्या चित्राचा काही भाग शिल्लक राहायचा. पुढे तो दुरुस्त झाला.

एक्सेलचंही असंच आहे. निकालाचा आलेख एक्सेलमधून वर्डमध्ये चिकटवताना जे पर्याय येतात त्यात एम्बेड वर्कबुक असा एक असतो. तो घेतला की आलेखाबरोबर अख्खी एक्सेल फाईल अहवालात येते, सगळ्या शीट्ससकट. आपल्या एक्सेलमध्ये काय काय असतं ते आपल्याला माहीतच आहे : जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल. आलेख पाहणाऱ्याने त्यावर डेटा संपादनाचा पर्याय उघडला की सगळं समोर. आलेख नेहमी पिक्चर म्हणून पेस्ट करा. इथे पीएनजी झालेलं चांगलंच, रेघा आणि आकडे स्वच्छ दिसतात.

आणि मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये जागेची नोंद होते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाईल जशीच्या तशी जाते, स्पष्टपणा टिकतो आणि नोंदही टिकते. शाळेच्या मैदानातल्या फोटोचं एक वेळ ठीक, शाळा सगळ्यांना माहीत असते. मुलाचा घरी काढलेला फोटो पाठवताना पालकांनी विचार करावा.

पालकांसाठी, फॉर्मच्या फोटोबद्दल

फॉर्म भरताना उलटी अडचण. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसते. प्रत्येक फॉर्मची वेगळी असते, ती आधी वाचा. मोबाइलचा ३ एमबीचा फोटो तिथे चालत नाही. मग लोक गुगलवर "५० केबी" शोधतात, जी पहिली वेबसाइट येईल तिथे मुलाचा फोटो आणि सही दोन्ही चढवतात. हे मला अजिबात आवडत नाही. कोण चालवतं ती साइट, फोटोचं पुढे काय करतं, आपल्याला काही पत्ता नसतो, आणि काम तर घरच्या कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं आहे.

विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये फोटो उघडा, तीन टिंबांच्या मेनूत रिसाइझ इमेज शोधा. तिथे पिक्सेल लिहिता येतात आणि क्वालिटीची पट्टी मागेपुढे करता येते. पेंटमध्ये ही पट्टी नाही, तिथे फक्त पिक्सेल कमी करून वजन उतरवावं लागतं. आधी चेहरा आणि खांदे येतील एवढं कापा, मग रुंदी २०० ते ३०० पिक्सेलच्या आसपास आणा, जेपीजी म्हणून सेव्ह करा. बहुतेक वेळा तेवढ्यात बसतं. फॉर्मवर पिक्सेलचं माप दिलं असेल तर अर्थातच तेच घ्या. फाईल २० केबीच्या खाली गेली तर लहान झालेली फाईल पुन्हा ताणून मोठी करू नका, चेहरा चौकोनी-चौकोनी दिसतो. मूळ फोटोवर परत जा आणि थोडे जास्त पिक्सेल ठेवा.

स्टुडिओतून आणलेल्या कागदी फोटोचा मोबाइलवर फोटो काढणार असाल तर तो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढा आणि बरोबर वरून, म्हणजे ट्यूबची चमक आणि तिरपेपणा येणार नाही. सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर, रेघांच्या वहीत नको. आयफोनवरून फोटो आला आणि फॉर्म घेतच नसेल तर फाईलच्या नावाचा शेवट बघा. २०१७ पासून आयफोन एचईआयसी नावाच्या बांधणीत फोटो ठेवू शकतो, आणि बरेच फॉर्म ती ओळखत नाहीत. नुसतं नाव बदलून जेपीजी लिहिलं तर चालत नाही, आतली बांधणी तीच राहते. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स आणि मोस्ट कॉम्पॅटिबल असं निवडलं की पुढचे फोटो जेपीजी येतात. आधी काढलेला फोटो मात्र फोटोज ॲपमध्ये उघडून, सेव्ह ॲजने जेपीजी करून घ्यावा लागतो.